एकशेऐंशी पाट्या

कळवा, ठाणे
१३ जुलै २०२५, रविवार

चि. रंभास,

अण्णाचा आशीर्वाद. तुला तो हवा आहे की नाही हे न विचारताच देतोय. मोठ्या भावाची खोड, जात नाही.

बत्तीस वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे सुरुवातीला काहीतरी भारदस्त लिहावं असं वाटत होतं. तासभर पेन घेऊन बसलो. शेवटी शीला म्हणाली, "बहिणीला लिहिताय ना, कलेक्टरला नाही. कशी आहेस, असं विचारा." शीला म्हणजे तुझी वहिनी. माहेर डोंबिवली. जीभ तिखट, पण बाई सोन्यासारखी. तर, कशी आहेस?

मी बरा आहे. वागळे इस्टेटमध्ये वजनकाट्यांच्या कारखान्यात सव्वीस-सत्तावीस वर्षं काढली. किराणावाल्याच्या काट्यापासून ट्रकच्या काट्यापर्यंत सगळे तपासून पाठवायचे, हे माझं काम. आता निवृत्त. आमच्या कंपनीच्या जागी काचेची मोठी बिल्डिंग झालीय, आत पोरं फोन कानाला लावून इंग्रजीत बोलत बसतात. मी कधी माजिवड्याकडे जाताना बघतो नि पुढे जातो. गुडघे कुरकुरतात, साखर आहे, पण गोळीवर भागतंय.

पत्राचं कारण सांगतो. गेल्या महिन्यात मला फोन आला. बारीक आवाज. "मी सान्वी. विनिताची मुलगी. तुम्ही माझ्या आजीचे भाऊ ना?" रंभे, मी बोटांवर वर्षं मोजली. तुझ्या कडेवर होती ती विनिता, आठ महिन्यांची. तिची मुलगी सहावीत! नंबर म्हणे आपल्या औशाच्या आत्याच्या घरून मिळवला. पोरगी पोलीस होणार, बघ.

म्हणाली, शाळेत प्रकल्प दिलाय, आपल्या भागातला भूकंप, घरातल्या मोठ्यांना विचारून लिहायचं. "आजीला विचारलं तर ती उठून गेली. मामाआजोबा, तुम्ही सांगा. आमचं घर का पडलं?"

मी म्हटलं, "बाळा, भूकंप झाला म्हणून पडलं."

"ते मला माहितीय. पण गोठा नाही पडला. आजी आणि आई गोठ्यात होत्या म्हणून वाचल्या. मग घरच का पडलं?"

मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही, रेंज गेली." आणि फोन ठेवला.

रेंज चांगली होती.

तिने पुन्हा केला नाही. म्हणून तुलाच लिहितोय. फोन मुद्दाम करत नाही, फोनवर माझा आवाज जातो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी कधीतरी देईन. आज नाही. आज एवढंच, की मी आहे.

तुझा,
अण्णा


कळवा
२९ जुलै २०२५, नागपंचमी

चि. रंभास,

आज पंचमी. इथे कुणाला पत्ता नाही. शीलाने माझ्यासाठी पुरणाची दिंडं केली, दोन फुटली, दोष तिने गॅसला दिला. आपल्याकडे आज लेकी माहेरी आल्या असतील. लिंबाला झोका बांधायचो तो आठवतो का? तू इतका उंच घ्यायचीस, आई खालून शिव्या घालायची.

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. नसू दे. मी काही उत्तराच्या बोलीवर लिहीत नाही.

तुला इथली गंमत सांगतो. गंमत म्हणजे काय, माझी फजिती. आमची बिल्डिंग चार मजल्यांची, तीस वर्षांची. मी दुसऱ्या मजल्यावर. गच्ची गळते. एकदा वर विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून कोबा केला, तरी गळली. दहा-बारा वर्षांनी त्याच्यावर दुसरा कोबा केला. आता परत गळतेय. चौथ्या मजल्यावर रखमाबाई राहतात, एकट्या. त्यांच्या पलंगावर थेंब पडतो. पातेलं ठेवून झोपतात.

तर रविवारी मीटिंग. आमचा सेक्रेटरी सुदेश, पोरगं चांगलं, कामाला वाघ. त्याने कागद वाचला. तिसरा कोबा घालायचा, चार इंची, जुन्यावरच, म्हणजे फोडाफोडीचा त्रास नाही. सगळ्यांनी हात वर केले. आणि मी उभा राहिलो.

मला वाटलं होतं, शांतपणे बोलेन. कसलं काय! ओरडलोच. "जुन्यावर नवा थर घालायचा नाही! घालायचा तर माझ्या मढ्यावरून घाला!"

मग कुणीतरी हसलं. सुदेश म्हणाला, "काका, चिल. तुमचा प्रॉब्लेम काय आहे, ते तरी सांगा." मी म्हटलं, वजन. तो म्हणाला, "अहो काका, आरसीसी आहे, काय कोसळतेय थोडीच." रखमाबाईंच्या डोळ्यांत पाणी. "तुम्हाला काय हो, तुमच्या डोक्यावर गळत नाही. माझी गादी कुजलीय."

त्यांचं खरंच होतं. ज्याच्या डोक्यावर गळतं त्याला काय होतं, ते मला माहीत नाही असं थोडंच आहे? तेच तर मला सगळ्यांत जास्त माहीत आहे, आणि तुला.

खाली आलो. शीला म्हणाली, "तुम्ही आयुष्यात कधी कुणावर ओरडला नाहीत. आज कोब्यावर का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिने बाम आणून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं संसार केलाय, तिला बामाचं दुखणं आणि दुसरं दुखणं कळतं. पण ती विचारत नाही. तिला एवढंच माहीत आहे की माझी बहीण आहे आणि आम्ही बोलत नाही.

सुदेशने काम दिवाळीनंतरवर ढकललंय. माझ्यासाठी नाही, पाऊस आहे म्हणून.

अण्णा


कळवा
३० सप्टेंबर २०२५

रंभे,

आज तारीख कोणती, तुला सांगायला नको.

हे पत्र सान्वीकडून वाचून घेऊ नको. विनिताकडून घे. लेकराने वाचण्यासारखं नाही.

तू माझ्यावर रागावलीस ती मी निघून गेलो म्हणून. जबाबदारी टाळून शहरात पळाला, असं गावात सगळे म्हणत असतील. म्हणू देत. पण मी का गेलो, ते कुणाला सांगितलेलं नाही. शीलाला नाही. देवालाही नाही, त्याला म्हणे आपोआप कळतं.

आधीच्या वर्षापासून धक्के बसत होते. भांडी वाजायची, माणसं अंगणात पळायची, मग सवय झाली. तुम्ही सगळे शेतात ताडपत्री टाकून झोपायला लागलात. पहिला पाऊस झेलला, थंडी झेलली. आणि त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तुझा निरोप आला, अण्णा, आता परत पाऊस तोंडावर आलाय, लेकरं ताडपत्रीत राहायची नाहीत, आणि घराचं माळवद गळतंय. दाजींची कंबर धरलेली. मी गाडी जुंपली आणि आलो. भावाने बहिणीच्या घराला माती घालायची नाही तर कुणी घालायची?

दाजी म्हणाले होते, "घरात परत झोपायचं का, बघू अजून." मी त्यांना म्हटलं, "किती दिवस भ्यायचं, दाजी? घर घरासारखं करून देतो."

तुला आठवत असेल, आपल्याकडे माळवद गळलं की जुनी माती कुणी काढत नाही. मिरगाच्या आधी पांढरीची माती आणायची, वर टाकायची, धुम्मसाने चोपायची. तुझ्या सासऱ्याने तेच केलं, त्यांच्या वडिलांनी तेच. लाकडाच्या सरांवर दोन हात मातीचा थर आधीच होता. वर मी. तू पाटी भरून शिडीवर द्यायचीस, मी वर ओतायचो. तुझा सूरज खाली उभा राहून मोजायचा, त्याला नुकतं शंभरपर्यंत येत होतं. शंभर झाल्या तसा तो परत एकपासून सुरू झाला. दाजी ओट्यावरून म्हणाले, "अण्णा, बास झालं. शंभर पुरे." मी म्हटलं, "बहिणीचं घर हाय, कमी पडाय नको." आणखी ऐंशी टाकल्या. एकशेऐंशी पाट्या, रंभे.

माळवद गळायचं थांबलं. म्हणून तुम्ही ताडपत्री सोडून आत झोपायला गेलात. गळत राहिलं असतं तर गेला नसतात. मी एवढं मन लावून काम केलं नसतं तर त्या पहाटे दाजी आणि सूरज आणि धाकटी नंदा शेतातच असते. म्हैस व्यायला झाली म्हणून तू विनिताला घेऊन गोठ्यात, नुसत्या पत्र्याखाली गेलीस, नाहीतर तूही.

मी दुपारी पोचलो. तू गोठ्यापाशी बसलेली, बोलत नव्हतीस. आम्ही चौघं उकरत होतो. वरची माती पांढरी स्वच्छ होती. खालची काळपट, जुनी. वरची कुणी टाकलेली हे मला विचारायची गरज नव्हती. मी माझीच माती उकरत होतो. संध्याकाळी सूरज सापडला, नंदा त्याच्या कुशीत. मग दाजी.

पाचव्या दिवशी तुला दवाखान्याच्या तंबूत ठेवलेलं. तू पहिल्यांदा बोललीस, "अण्णा, घसा कोरडा पडलाय." मी म्हटलं, चहा घेऊन येतो. रस्त्यावर मदतीवाल्यांची चहाची गाडी होती. मी दोन ग्लास घेतले. शेजारी दोन साहेब उभे होते, शहरातले, हातात नकाशे. एक दुसऱ्याला म्हणाला, "एवढी माणसं नुसत्या धक्क्याने नाही गेली. छपरावरच्या मातीने गेली. हे लोक दरवर्षी थर घालत जातात, कळतच नाही त्यांना."

मी दोन्ही ग्लास तिथेच मातीत ठेवले. सोलापूरला जाणारा ट्रक उभा होता. चढलो.

तुझ्या तोंडाकडे बघून चहा देणं मला जमलं नसतं. बस, एवढंच कारण आहे. भेकड म्हण, खरं आहे.

कारखान्यात लागलो त्या वर्षी एकदा जेवणाच्या सुट्टीत मी बाहेरची ओली माती पाटीत भरून काट्यावर ठेवली. चौदा किलो तीनशे ग्रॅम. गुणिले एकशेऐंशी. अडीच टनांच्या वर. इतकी वर्षं हजारो काटे तपासले, रंभे, प्रत्येक काट्यावर मला तोच आकडा दिसला.

एकदा, दोन हजार नऊ साली, औशाच्या स्टँडपर्यंत आलेलो. तीन तास बाकावर बसलो आणि परतीच्या गाडीत चढलो.

आता तुला समजलं. सान्वीला सांग, घर मामाआजोबांनी पाडलं. प्रकल्पात माझं नाव घालून लिहू दे.

महिपत


कळवा
१० ऑक्टोबर २०२५

चि. रंभास,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, हात घालून परत काढावं. पेटीचं तोंड बारीक. शीलाला मी घरी येऊन सगळं सांगितलं. तिने उठून माझ्या पानात भात वाढला, वरण वाढलं, आणि शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "आधी रखमाबाईंना सांगा. त्यांना तुम्ही शत्रू वाटता."

मी वर गेलो. पलंगावर पातेलं होतंच. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, मग हे खाली मीटिंगमध्ये का नाही बोललात? उगाच दोन महिने तुम्हाला शिव्या दिल्या मी."

पाच तारखेला परत मीटिंग लावायला लावली. यावेळी ओरडलो नाही. बसूनच बोललो. कुणाचं नाव घेतलं नाही, एका बहिणीचं घर, एवढंच म्हटलं. हसणारे हसले नाहीत. सुदेश म्हणाला, "काका, इंजिनियर आणू." डोंबिवलीच्या मृणाल मॅडम आल्या. तरुण मुलगी, हातात छोटी हातोडी. गच्चीवर ठिकठिकाणी ठोकून बघितलं, एका कोपऱ्यात खणून बघितलं. दोन कोब्यांच्या खाली एक तिसराही निघाला, बिल्डरने घातलेला! म्हणाल्या, "वर आणखी काही घालायचं नाही. आधी हे सगळं काढा. मग पातळ लेप आणि वर पत्रा."

कालपासून फोडतायत. गोणी भरून खाली उतरवतायत. रखमाबाई खिडकीत बसून मोजतात. मी सुदेशला म्हटलं, पहिली गोण मी उतरवणार. "काका, गुडघे?" म्हटलं, गुडघ्यांचं गुडघे बघतील. अर्धी गोण होती, खरं सांगायचं तर पाव. चार मजले उतरवली. शीला मागून, "हळू, हळू," करत. खाली ठेवली आणि कठड्यावर बसून रडलो. सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

बाकी काही मागत नाही. फक्त एक ओळ पाठव. शिवी असली तरी चालेल.

तुझा,
अण्णा


नवं गाव, ता. औसा
१७ ऑक्टोबर २०२५

अण्णास,

(मी सान्वी लिहितेय. आजी म्हणाली, मी बोलते तसंच लिही, शहाणपणा करू नको. म्हणून चुका माझ्या नाहीत.)

तुझी चारी पत्रं मिळाली. पहिल्या दोनला उत्तर दिलं न्हाई, कारन राग होता. आता बी हाय.

विनिताकडून वाचून घे म्हनलास. विनिता वाचाय लागली आन् मधीच रडाय लागली. मग सान्वीला म्हनलं, तू वाच. तिनं खडखडा वाचलं. लेकरं आपल्यापेक्षा धीट असत्यात. तिला शाळंत लिहायचं हाय तर खरं लिहू दे. पर घर मामानं पाडलं असं लिहायचं न्हाई, असं मी सांगितलं. जुन्या मातीवर नवी माती टाकू नये, असं लिही म्हनलं. तिनं माळवदाचं चित्र काढलंय, थरावर थर. बाईनं वर्गात लावलंय.

मातीचं म्हनायलास. आरं, तुझ्या हातात पाटी कोन देत होतं? मीच की. मला बी मोजता येतंय. तू शिडीवर, मी खाली. एकट्यानं कसं काय वजन उचललंस तू इतकी वर्सं?

आन् तुला एक ठाव न्हाई. थांबला असतास तर तवाच सांगितलं असतं. ताडपत्रीत सूरजला सारखा खोकला. नंदाच्या अंगावर पानी पडू नये म्हनून मी रातरातभर परात धरून बसायची. त्याच्या आधी घरात बी तेच, हितं गळतंय तितं गळतंय, लेकरं ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तू माती टाकलीस आन् त्या पावसाळ्यात एक थेंब आत आला न्हाई. पाऊस वर वाजायचा आन् लेकरं खाली घोरायची. सूरज समद्या गावाला सांगायचा, आमचं माळवद मामानं केलंय, मी मोजलंय. त्यांच्या उभ्या जल्मात तेवढा एकच पावसाळा ती कोरडी झोपली, अण्णा. ते तू दिलंस. ते तुझ्या काट्यावर ठिवलंस का कधी?

तवा मातीचा राग न्हाई. माझा राग चहाचा हाय. तू चहा आनतो म्हनून गेलास. नर्सबाईनं चहा दिला, मी घेतला न्हाई. म्हनलं, माझा अण्णा आनायलाय. दिवस मावळला तरी घेतला न्हाई. नवरा गेला, लेकरं गेली, एक भाऊ होता, तो चहाला गेला.

भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजंला चंद्राला ओवाळत्यात. मी बत्तीस बीजा चंद्राला ओवाळलं. शेजारनी इचारायच्या, रंभा, तुला तर भाऊ हाय म्हनं. मी म्हनायची, हाय की. चहाला गेलाय.

येत्या गुरवारी बीज हाय. वैनीला आन, दिंडं कशी करायची ते दाखविते, गॅसचा दोष नसतोय. औशाच्या स्टँडवर बसून ऱ्हायचं न्हाई, सान्वी आन् विनिता घ्यायला येत्यात. ह्या घराचा स्लॅब बी एका कोपऱ्यात गळतोय, पर तू वर चढायचं न्हाई, आत्ताच सांगून ठिवते.

दोन्ही हात मोकळे घेऊन ये. चहा मी ठिवते.

रंभा